विसावा कोणाच्या भरवशावर? डिमेन्शियाच्या आईची शुश्रूषा करणाऱ्या एका लेकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या दोघींना मी इथे आजी आणि ताई म्हणते. आमच्या स्मृती-क्लिनिकमध्येही आम्ही त्यांना तशीच हाक मारायचो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. मी या क्लिनिकमध्ये समाजकार्यकर्ती आहे, आणि घरच्या माणसांशी बोलणं हेच माझं मुख्य काम.

आजी ७९ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. पाच वर्षांपूर्वी अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) एका प्रकाराचं, निदान झालं. प्रकरण आमच्यासमोर उभं राहिलं तेव्हा आजार मधल्या टप्प्यावर होता. आजी चालायच्या, बोलायच्या, स्वतःच्या हाताने जेवायच्या. पण अंघोळ, कपडे, शौच या सगळ्याला माणूस लागायचं. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. रात्री चार-पाच वेळा तरी उठायच्या आणि घरभर फिरायच्या.

ताई ५४ वर्षांच्या, अविवाहित. आईसोबत त्या एकट्याच राहायच्या. आईला एकटं सोडता येईना तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि घरून हिशेबाची थोडी कामं घ्यायला सुरुवात केली. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात. तो रोज फोन करायचा, पैसे नियमित पाठवायचा, आणि दर वेळी एकच सांगायचा: "ताई, पूर्ण वेळाची बाई ठेव, पैशाची काळजी करू नकोस." ताईंनी दोनदा मदतनीस ठेवून पाहिली होती. दोघीही आठवड्याच्या आत गेल्या. ताई म्हणायच्या, "त्यांना आईचं काहीच कळत नाही. त्यांच्यावर लक्ष ठेवण्यापेक्षा मीच केलेलं बरं."

हे वाक्य मी बऱ्याच घरांतून ऐकलं आहे. सगळीकडे त्याचा अर्थ 'ही बाई हट्टी आहे' असाच लावला जातो. या प्रकरणाने मला त्यामागचं खरं कारण दाखवलं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

अडचण कशी समोर आली

नेहमीच्या तपासणीला दोघी आल्या होत्या. डॉक्टरांनी आजींचा रक्तदाब घ्यायला बाही वर केली तर मनगटावर बोटांचे निळे वळ. कोणी काही विचारायच्या आत ताई म्हणाल्या, "मी धरलं होतं. रात्री चौथ्यांदा उठली. दाराची कडी काढत होती. मी इतकं घट्ट धरलं की ती ओरडली, आणि तरी मी सोडलं नाही."

हा पहिला निर्णयाचा क्षण. अशा वेळी दोन चुका सहज होतात. एक म्हणजे 'दमल्या आहात, होतं असं' म्हणून विषय मिटवायचा. दुसरी म्हणजे छळाचा शिक्का मारून मोकळं व्हायचं. आम्ही दोन्ही टाळून तीन गोष्टी सरळ विचारल्या. असं आधी झालं होतं का? पुन्हा होईल अशी स्वतःचीच भीती वाटते का? आणि आजी त्यांच्या जवळ येताना आक्रसतात का? तिसऱ्याचं उत्तर डोळ्यांसमोर होतं: आजी ताईंचा पदर धरूनच बसल्या होत्या. पहिल्याचं उत्तर 'नाही'. दुसऱ्याचं उत्तर 'हो' आलं. त्या 'हो'मुळे प्रकरण तातडीचं ठरलं. आजींना घरीच ठेवायचं, पण त्या रात्रीपासून ताईंनी एकटीने रात्र काढायची नाही, असं ठरलं. आठवडाभरात मी घरी जाऊन पुन्हा पाहायचं हेही ठरलं.

मग ताईंची तपासणी. रक्तदाब वाढलेला. वर्षभरात स्वतःसाठी डॉक्टरकडे गेल्याच नव्हत्या; पित्ताशयात खडे असल्याचं आधीच्या सोनोग्राफीत दिसलं होतं आणि शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली होती. काळजीवाहकावरचा भार मोजण्यासाठी आम्ही झरिट यांची प्रश्नावली वापरतो. स्टीव्हन झरिट आणि सहकाऱ्यांनी ती १९८० मध्ये मांडली. आज वापरात असलेल्या रूपात २२ प्रश्न आणि जास्तीत जास्त ८८ गुण असतात. ताईंचे ५८ आले. ४१ ते ६० हा मध्यम ते तीव्र भाराचा पट्टा मानतात.

आकड्यापेक्षा मला त्यांच्या बोलण्याने जास्त अस्वस्थ केलं. पूर्वी 'आई' म्हणणाऱ्या ताई आता 'पेशंट' म्हणत होत्या. "पेशंटला साडेसातला उठवते, पेशंटची अंघोळ होते." बर्नआउटची, म्हणजे सततच्या ताणाने माणूस आतून रिकामं होण्याची, जी तीन लक्षणं मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मासलॅक यांनी मांडली, त्यांत थकव्याच्या जोडीला हा कोरडेपणा आहे आणि 'माझ्या करण्याने काही होत नाही' ही भावनाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउट फक्त नोकरी-व्यवसायाच्या संदर्भातच धरलं आहे. घरी चोवीस तास राबणाऱ्या माणसाला ते लागू नाही. त्यामुळे ताईंच्या कागदावर लिहायला आमच्याकडे ते नावही नव्हतं.

नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी घेतली तेव्हा २७ पैकी १४ गुण आले. शेवटच्या प्रश्नावर, मरणाच्या विचारांबद्दल, ताई थांबल्या आणि म्हणाल्या, "सकाळी जाग आलीच नाही तर बरं, असं कधीकधी वाटतं." स्वतःला काही करून घेण्याचा बेत आहे का, हे मी स्पष्ट शब्दांत विचारलं. बेत नव्हता. तरी त्याच दिवशी त्यांची मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून दिली. विसाव्याने थकवा उतरतो. नैराश्याला त्याचे वेगळे उपचार लागतात. ही गफलत झाली की 'चार दिवस आराम केला तरी बरं वाटत नाही' म्हणून माणूस आणखी खचतं.

समोरचे पर्याय

दोन दिवसांत भाऊ आला. चौघं बसलो: ताई, भाऊ, डॉक्टर आणि मी.

भावाचं म्हणणं, आईला लगेच दोन आठवडे एखाद्या निवासी केंद्रात ठेवू, ताई झोपून काढेल. रेस्पाइट केअर, म्हणजे काळजीवाहकाला विसावा मिळावा म्हणून रुग्णाची तात्पुरती दुसरी सोय, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेच येतं. आमची अडचण अशी की अनोळखी जागेत, अनोळखी माणसांत, काहीही तयारी नसताना डिमेन्शियाच्या माणसाला ठेवलं तर गोंधळ एकदम वाढू शकतो, पडण्याचा धोका वाढतो, खाणंपिणं कमी होतं. आणि ताई तिथे अर्धा दिवस फोनवर असणार हेही दिसत होतं. हा पर्याय बाद केला नाही, पुढे ढकलला.

दुसरा पर्याय, भावाने आईला महिनाभर आपल्याकडे न्यावं. ताईंनी तो ऐकताक्षणीच नाकारला, आणि कारण योग्य होतं: तिथे दिवसभर घरी कोणी नसतं.

तिसरा पर्याय ताईंनी स्वतः विचारला. आईला रात्री झोपेचं काही औषध देता येईल का? डॉक्टरांनी त्यावर वेळ दिला. वर्तन शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. झोपेच्या गोळ्यांनी रात्री तोल जाऊन पडण्याची भीती. डॉक्टर म्हणाले, "औषध शेवटी. आधी त्या कशामुळे उठतात, ते शोधू."

चौथा, घरी येणारी मदतनीस, दिवसा की रात्री ते ठरवून. पाचवा, आठवड्यातून काही दिवस डे केअर केंद्र. सहावा, कायमची निवासी व्यवस्था. हा सहावा पर्याय कोणीच उच्चारत नव्हतं, म्हणून मी उच्चारला. टेबलावर न आलेला पर्याय घरातल्या प्रत्येकाच्या मनात राहतो आणि प्रत्येक छोट्या निर्णयाला त्याची भीती चिकटते. 'आज मदतनीस, उद्या आश्रम' असं ताईंना वाटत होतं, हे त्यानंतरच बाहेर आलं.

पुरावा काय सांगतो हेही त्यांच्यापासून लपवलं नाही. २०१४ मधल्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे आधी झालेले प्रयोग एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, डिमेन्शियातल्या विसावा-सेवेवरचे चारच प्रयोग हाती लागले, सहभागी मिळून ७५३, आणि त्यांतून ठोस फायदा सिद्ध झाला नाही. पुरावाच तोकडा होता. दुसऱ्या बाजूला, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शुल्झ आणि बीच यांच्या अभ्यासात, जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळलं. म्हणजे काही न करणं सुरक्षित नाही, आणि 'विसावा' नावाची कोणतीही सेवा आपोआप गुणकारीही नाही. तो कसा दिला जातो, त्या वेळात काय होतं, यावर सगळं अवलंबून.

पहिलं पाऊल: रात्री

भाऊ दहा दिवस राहिला आणि रात्री त्याने घेतल्या. ताई वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या खोलीत झोपल्या. हा आग्रह माझा होता, कारण त्याच घरात झोपलेल्या काळजीवाहकाचा कान जागाच राहतो. तिसऱ्या दिवशी सकाळी भावाने मला फोन केला आणि फक्त एवढंच म्हणाला, "ताईने हे दोन वर्षं कसं काढलं?" मी आजवर त्याला जे समजावून सांगू शकले नव्हते ते तीन रात्रींनी सांगितलं. पैसे पाठवणाऱ्या नातेवाइकाने निर्णय घ्यायच्या आधी दोन-तीन रात्री स्वतः काढाव्यात, हे मी आता प्रत्येक कुटुंबाला सांगते.

त्या रात्रींची भावाने नोंद ठेवली: कधी उठली, काय म्हणाली, काय केल्यावर झोपली. डॉक्टरांनी ती पाहिली आणि दोन गोष्टी लगेच हाती लागल्या. रक्तदाबासाठीची, लघवी जास्त करणारी गोळी संध्याकाळी दिली जात होती. ती सकाळी दिली गेली. दुपारी आजी जवळपास तीन तास झोपायच्या, कारण तेवढ्याच वेळात ताईंना हिशेबाचं काम उरकता यायचं. ती झोप पाऊण तासावर आणली. बद्धकोष्ठतेवरही उपाय सुरू झाला. तीन आठवड्यांत रात्रीचं उठणं चार-पाच वेळांवरून एक-दोनवर आलं.

याला कोणी विसावा-सेवा म्हणत नाही. पण ताईंना सगळ्यात मोठा विसावा यातूनच मिळाला. दुसऱ्याच्या हाती काम सोपवण्याआधी ते काम कमी होतंय का, हे पाहायलाच हवं.

वही

आता मदतनीस. आधीच्या दोघी का टिकल्या नाहीत, हे मी ताईंना विचारलं. "निष्काळजी होत्या" यापलीकडे त्यांना सांगता येईना. मग मी म्हटलं, "ताई, कालची संध्याकाळ मला मिनिटामिनिटाने सांगा." त्या म्हणाल्या, "त्यात काय सांगण्यासारखं? नेहमीचंच." तरी सांगू लागल्या आणि भाऊ लिहू लागला.

साडेपाचच्या सुमारास आजी उठून "गाडी चुकेल, गाडी चुकेल" म्हणत दाराकडे जातात. आधीच्या मदतनिसांनी त्यांना समजावलं होतं की गाडी नाही, कुठे जायचं नाही, बसा. आजी चिडल्या, एकीला ढकललं. ताई काय करतात? "मी बाथरूमला नेते. गाडी चुकेल म्हणजे तिला लघवीला लागलेली असते." हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं का? ताई गप्प झाल्या. ही गोष्ट आपल्याला माहीत आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी वहीची अकरा पानं भरली. उजव्या बाजूने आणि समोरून जायचं, डावीकडून हाक मारली तर दचकतात. अंघोळीला पहिलं पाणी पायांवर, मग हातांवर. डोक्यावर आधी घातलं की त्या दिवशी अंघोळ होत नाही. दिवे लागायच्या आधी आरशावर चादर टाकायची, कारण अंधारात आरशातली बाई त्यांना परकी वाटते आणि 'ती माझ्याकडे बघतेय' म्हणून घाबरतात. 'आजी' म्हटलेलं चालतं, 'मॅडम' म्हटलं तर ताठ बसतात आणि ऐकतात.

'मीच केलेलं बरं' याचा अर्थ इथे उलगडला. आजींना सांभाळण्याचं सगळं ज्ञान एकाच डोक्यात होतं, न बोललेलं, न लिहिलेलं. मदतनीस कितीही अनुभवी असती तरी तिला 'गाडी' कळलीच नसती. मग आजी बिघडणार, ताई धावत येणार, आणि मदतनीस ठेवून उपयोग नाही हे पुन्हा सिद्ध होणार. ताईंना आपण 'सोडायला शिका' असं सांगत होतो. सोडायचं ते कोणाच्या भरवशावर, याची सोय आपण केलेली नव्हती.

मदतनीस, आणि मोकळे तास

नवी मदतनीस पहिले काही दिवस ताई घरात असतानाच आली. आधी ताईंनी करायचं आणि तिने पाहायचं, मग तिने करायचं आणि ताईंनी दुसऱ्या खोलीत बसायचं. नंतर अर्धा तास बाहेर, मग दोन तास, मग आठवड्यातून तीन दुपारी. फोनचं एकच बंधन: ताईंनी घरी करायचा नाही, गरज पडली तर मदतनीस करेल. कोणत्या गोष्टीला फोन करायचाच, त्याची यादी वहीच्या पहिल्या पानावर.

एवढं बसलं तरी सहा आठवड्यांनी झरिटचे गुण ५८ वरून ५६ वर. मी ताईंना मोकळ्या दुपारी कशा जातात ते विचारलं. बँक, औषधं, विजेचं बिल, राहिलेले हिशेब, कपाटं. सगळा विसावा तुंबलेल्या कामांनी गिळला होता. ते स्वाभाविकच आहे. दोन वर्षांची कामं कुठे जाणार? पण मग त्या वेळाला विसावा म्हणता येत नाही.

इथे दुसरा निर्णय झाला. कामांचा एक मोठा गठ्ठा, कागदपत्रं आणि बिलं, भावाने दूरवरूनच आपल्याकडे घेतला. तीनपैकी एक दुपार कामांना, दोन ताईंच्या. त्या दोन दुपारी त्या मैत्रिणीच्या घरी जाऊन झोपायच्या. जवळजवळ महिनाभर नुसत्या झोपल्या. मला कोणी विचारलं असतं की सिनेमा, फिरणं, छंद यांचं काय, तर मी सांगितलं असतं की झोप पुरी होईपर्यंत ते सगळं ओझंच. महिन्यानंतर एक दिवस ताई आपण होऊन म्हणाल्या की त्या मैत्रिणीसोबत चालायला गेल्या होत्या, आणि परत येताना आईच्या शाळेतल्या गमती तिला सांगत होत्या. 'आईच्या' म्हणाल्या. 'पेशंट' हा शब्द त्या दिवशी आला नाही, नंतरही क्वचितच.

तिसऱ्या महिन्यापासून डे केअर केंद्र सुरू केलं, आठवड्यातून दोन दिवस. पहिल्या दिवशी आजी गाडीत बसेनात. तिथल्या कार्यकर्तीने वही वाचली होती. तिने उजव्या बाजूने येऊन म्हटलं, "मॅडम, निघायची वेळ झाली." आजींनी पर्स उचलली. ही फसवणूक तर नाही ना, असं ताईंनी मला विचारलं. मी म्हटलं, वाक्यात खोटं काही नाही, आणि आजींच्या अंगवळणी पडलेल्या आयुष्याशी ते जुळतं. शाळेत जायचंय असं कोणी म्हणायचं नाही एवढी रेघ आम्ही आखून घेतली.

अल्पकाळ निवास, आणि जे बिघडलं

पाचव्या महिन्यात ताईंची शस्त्रक्रिया ठरली. आता अल्पकाळ निवासाचा पर्याय बाहेर काढायची वेळ आली: आठ दिवस. तयारी चांगली होती. आजींची चादर, उशी, पर्स सोबत. आधी दोन वेळा तिथे दुपार काढून झालेली. वहीची प्रत केंद्राकडे.

चौथ्या दिवशी भाऊ भेटायला गेला तेव्हा आजी दुपारी तीनला झोपलेल्या होत्या. उठवलं तर डोळे उघडून पुन्हा मिटले. कर्मचाऱ्यांनी सांगितलं, "छान रुळल्या आहेत, दोन दिवस काही त्रास नाही." जेवण निम्म्यावर आलं होतं, पाणी जवळजवळ बंद. "गाडी चुकेल" हे दोन दिवसांत एकदाही कोणी ऐकलं नव्हतं. भावाने तिथूनच आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्याच संध्याकाळी तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला आणि त्याने आलेला डेलिरियम, म्हणजे आजारपणात एकाएकी भान हरपणं, गुंगीच्या प्रकारचा. डेलिरियम म्हटलं की लोकांना आरडाओरडा अपेक्षित असतो. वृद्धांमध्ये तो कितीतरी वेळा असा मुकाट येतो आणि म्हणून नजरेतून सुटतो. उपचाराने संसर्ग गेला, पण आजी घरी आल्या त्या दोन किलोने उतरलेल्या, आणि पहिले काही आठवडे आधाराशिवाय चालेनात.

केंद्राने लक्ष द्यायला हवं होतं, यात शंका नाही. पण आम्ही वही उघडून पाहिली तेव्हा पाचव्या पानावर एक वाक्य होतं: "शांत बसली की समजा बरी आहे." ताईंच्या घरात ते खरं होतं. परक्या हातात तेच वाक्य दिशाभूल करणारं ठरलं. वहीत नेहमीचं काय ते सगळं होतं; नेहमीपेक्षा वेगळं काय दिसलं तर धावायचं, हे नव्हतं. ते पान नंतर नव्याने लिहिलं: एकदम शांत होणं, दिवसा झोपाळणं, पाणी नाकारणं, 'गाडी' बंद होणं; यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं आणि लघवी तपासायची.

तिसरा निर्णय इथे होता आणि तो सर्वांत कठीण. ताईंनी सगळं बंद करायचं ठरवलं. मदतनीस नको, डे केअर नको. "मी माझ्या ऑपरेशनसाठी आईला तिथे टाकलं आणि हे झालं." मी त्यांना समजावण्याच्या भानगडीत पडले नाही. त्या दिवशी त्यांना पटलंही नसतं. एवढीच विनंती केली की दोन आठवडे निर्णय घेऊ नका, आणि तोवर मदतनीस चालू ठेवा, कारण टाके ओले असताना आजींना उचलणं तुम्हाला वर्ज्य आहे. शुश्रूषेच्या ताणाखाली जखम सावकाश भरते, याला शास्त्रीय आधारही होता. १९९५ मध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या त्वचेवर मुद्दाम केलेली एक छोटी जखम भरायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागल्याचं नोंदवलं होतं. दोन आठवड्यांनी भावाने विषय काढला, मी नाही. तो म्हणाला, "ताई, मी चौथ्या दिवशी गेलो म्हणून कळलं. आपण आत कोण कधी जाऊन बघणार तेच ठरवलं नव्हतं. ते ठरवू." डे केअर पुन्हा सुरू झालं. अल्पकाळ निवास मात्र ताईंनी नाकारला, आणि तो नकार आम्ही मान्य केला. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी भाऊ एक आठवडा येऊन राहील असं ठरलं, आणि तो येतो आहे.

परिणाम

नऊ महिन्यांनंतर झरिटचे गुण ३९. म्हणजे भार संपला नाही, सौम्य ते मध्यम पट्ट्याच्या वरच्या टोकाला आला. नैराश्याच्या चाचणीचे गुण ६, औषध आणि समुपदेशन दोन्ही सुरू. रक्तदाब आटोक्यात. मनगटाच्या प्रसंगासारखं पुन्हा काही घडलं नाही. मी दर भेटीत ते विचारते आणि ताईंना त्याचा राग येत नाही. आजींचा आजार पुढे सरकला आहे. त्या आता कमी बोलतात, जेवण भरवावं लागतं. विसाव्याने आजार थांबेल असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं.

सातव्या महिन्यात मदतनीस तिच्या घरच्या अडचणीमुळे काम सोडून गेली. वर्षभरापूर्वी अशा बातमीने घर कोलमडलं असतं. या वेळी तिने जाण्यापूर्वी वहीत स्वतःच्या नोंदींची दोन पानं जोडली. नवीन बाई आठवड्याभरात रुळली, आणि त्या आठवड्यात ताईंची एकही दुपार बुडाली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट, वही पाच वर्षं उशिरा लिहिली गेली. निदान झालं तेव्हा आजी स्वतः बोलू शकत होत्या. आपल्याला कोणाचा हात चालेल, कशाची भीती वाटते, लेक आजारी पडली तर काय करावं, हे सगळं त्यांच्याच तोंडून घेता आलं असतं. ताईंना जो प्रश्न सगळ्यात जास्त छळतो, 'आईला हे चाललं असतं का', त्याचं उत्तर आज कुठेच लिहिलेलं नाही. आता आमच्याकडे निदानानंतरच्या दुसऱ्या भेटीतच वही सुरू होते आणि पहिली पानं रुग्णाची असतात.

पाच वर्षांत आजींची स्मृती-चाचणी दर भेटीत झाली. ताईंवरचा भार मात्र वळ दिसल्यानंतर पहिल्यांदा मोजला गेला. त्या दर वेळी समोरच बसलेल्या होत्या. बावीस प्रश्नांना वेळ नसेल तर 'काल रात्री किती झोपलात?' एवढं तरी विचारता येतं.

निवासाच्या आठ दिवसांत ताईंना फोनपासून दूर ठेवणं योग्य होतं, पण त्यांच्या जागी रोज एका ओळखीच्या माणसाने जाऊन आजींना पाहायला हवं होतं. पहिल्या दिवसापासून तसं झालं असतं तर संसर्ग बहुधा एक-दोन दिवस आधी कळला असता. आठ दिवसही कमीच होते: शस्त्रक्रियेनंतर ताई अजून वाकू शकत नव्हत्या तेव्हा आजी घरी आल्या, त्याही अशक्त होऊन.

कायमच्या निवासी व्यवस्थेचा प्रश्न उघडा आहे. ताई आणि भावाने तो टाळलेला नाही. कोणत्या परिस्थितीत तो विचार करायचा ते दोघांनी मिळून वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आहे: आजींना दोन माणसांशिवाय उचलता येईना तर, गिळताना वारंवार ठसका लागू लागला तर, किंवा ताईंचे झरिटचे गुण सलग दोनदा ६० च्या वर गेले तर. त्या पानावर दोघांच्या सह्या आहेत. दर तीन महिन्यांनी भाऊ येतो तेव्हा ते पान उघडायचं आणि बदलायचं असेल तर दोघांनी मिळून बदलायचं, असं ठरलं आहे.